गाणं तुटेस्तोवर

“गाणं तुटलं की पाटी खाली ठेवायची, मार्लू. मग पाटीत सफरचंदं असोत नाहीतर सोनं.”

बापाचा हा आवाज मार्लाच्या कानात जन्मभर राहिला. त्याची बाग टेकडीच्या उतारावर होती. झाडं खाली, कोठार वर. भरलेली पाटी खांद्यावर घेऊन चढायचं आणि चढता चढता गायचं, ही त्याची रीत. गाण्यात फारसा अर्थ नव्हता. एका पावलानं दुसऱ्याला हाक मारावी, एवढंच त्यात होतं:

टेकडीबाई टेकडी, वाट तुझी वाकडी,
पाटीत माझ्या लाल लाल फळं;
वाटेवरचा वारा मागतोय वाटा,
देईन रे देईन, थांब एक पळ.

ओळ सलग म्हणता आली की चालत राहायचं. ओळीच्या मधेच श्वास घ्यावा लागला की पाटी खाली, बूड दगडावर, आणि दरीकडे बघत बसायचं. कोणी हसलं तर हसू द्यायचं. “हसणाऱ्याच्या खांद्यावर पाटी नसते,” बाप म्हणायचा.

शेवटच्या हंगामात त्यानंच ही रीत मोडली. गारा पडायचं लक्षण होतं, खाली व्यापाऱ्याचा ट्रक खोळंबला होता, तोडणीला आलेली माणसं बघत होती. त्याला कोठाराच्या दारातून उचलूनच आणावं लागलं. आई त्याबद्दल एकदाच बोलली, भांडी घासता घासता, पाठमोरी. “गाणं आधीच थांबलं होतं गं. पाय तेवढे थांबले नाहीत.”

आता ती बाग नाही. उतारावर एकसारखी घरं झालीत. मार्ला पिट्सबर्गच्या दक्षिणेला राहते, केसांत पांढरं आलंय, आणि आठवड्यातून तीन सकाळी ती टेकडी सोडून सपाट जमिनीवर धावते. दंतवैद्य आणि पिझ्झावाला यांच्या मधल्या गाळ्यात, काचेच्या दाराआड, जागच्या जागी सरकणाऱ्या पट्ट्यावर.

तिथला कायदा साधा. दंडाला एक छोटं यंत्र बांधायचं. ते काळजाचे ठोके मोजतं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पाठवतं. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाची एक चौकट. उभे असलात तर करडी, हातपाय हलवलेत की निळी, अंग तापलं की हिरवी. खरा जोर लागला की नारंगी. जीव तोंडाशी आला की लाल. थोडं धाव, थोडं चाल, पुन्हा धाव. मग वल्ही ओढायचं यंत्र, मग वजनं. सगळ्यांनी एकदम, गाण्यांच्या दणदणाटात. नारंगीत जितका वेळ राहाल तितकी तुमची कमाई, आणि ती कमाई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मार्लाला तिथे आणलं बर्नडेटनं. चर्चच्या तळघरात उपासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी पिरोगी करायला बायका जमतात. बर्नडेट पीठ लाटते, मार्ला बटाट्याचं सारण भरून कडा मुरडते. तिच्यासारखी मुरड कोणाला जमत नाही. तर एका शुक्रवारी बर्नडेट लाटणं रोखून म्हणाली, “हे बघ, आपण दोघी या पिरोगीसारख्या व्हायला लागलोय. उकडलेल्या. माझ्याबरोबर चल. पहिला महिना नुसता बघायला. पटलं तर वर्षाचं नाव घाल, नाही पटलं तर घरी बसून लोणी खा.”

मार्ला गेली. पहिल्याच दिवशी ब्रेनानं, तिथल्या कोचनं, गालापाशी वळलेला माइक बाजूला करून विचारलं होतं, “काही त्रास वगैरे? गुडघा, पाठ, हृदय?”

“काही नाही,” मार्ला म्हणाली.

इतकं सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

कारण काही नाही असं नव्हतं. गेल्या पानगळीत, दुकानात भोपळ्यांच्या ढिगापाशी उभी असताना तिचं काळीज एकाएकी उधळलं होतं. पिंजऱ्यात पाखरानं धडका द्याव्यात तसं. पुढे दवाखाना, तारा, नळ्या, आणि मग रोज सकाळची एक पांढरी गोळी, ठोक्यांना लगाम घालणारी. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, हळूहळू व्यायामही करा. पण घर काही हे ऐकायला तयार नव्हतं. घर म्हणजे तिचा नवरा, वेंडेल.

वेंडेलनं सारी नोकरी ट्राम चालवण्यात काढली. उतारावर ब्रेक कधी दाबायचा हे त्याच्या तळपायाला माहीत. निवृत्त झाल्यावर तो पाय रिकामा होता. आता तो मार्लावर आला. ती जिना चढायला लागली की खालून आवाज, “सावकाश.” बर्फ उपसायचं फावडं त्यानं गॅरेजात लपवलं. दुधाचा कॅन तिच्या हातातून काढून घ्यायचा आणि म्हणायचा, “सावकाश, राणी.” रात्री तिनं कूस बदलली की अंधारात त्याचे डोळे उघडे. तळहाताच्या फोडासारखं जपत होता बिचारा. आणि त्या जपण्यात मार्लाचा श्वास कोंडत होता. भांडावं तर कशावरून? प्रेम करतोस म्हणून?

त्या काचेच्या दाराआड मात्र ब्रेना ओरडायची, “मार्ला! झोपलीस का? जोर लाव!” आणि मार्लाच्या डोळ्यांत पाणी यायचं. घामात ते कोणाला दिसत नव्हतं.

वेंडेलला तिनं सांगून ठेवलं होतं, “कोचला सगळं माहीत आहे. ती बघते माझ्याकडे.” म्हणून तो तिला सोडायचा, गाडी दारासमोरच लावायचा, आणि आत बसून रेडिओ ऐकत राहायचा. काचेतून त्याची टोपी दिसायची.

सगळं जमलं असतं. पण पडदा होता.

मार्ला धावे, घामानं भिजे, मांड्या थरथरत, आणि वर तिची चौकट निळी. फार तर हिरवी. बाजूची माणसं चालता चालता नारंगी होत. गोळीनं लगाम घातलेला. आकडा वर जाणार कुठून? पण हे पडद्याला कोण सांगणार? पडद्याला तिचं वय ठाऊक होतं, गोळी ठाऊक नव्हती.

“अगं, तू काळीज घरी फ्रीजमध्ये ठेवून येतेस का?” बर्नडेटनं हसत विचारलं.

“यंत्र सैल असेल,” मार्ला म्हणाली.

“यंत्र सैल नाही बाई, तू सैल आहेस. मी बघ, बुटाची नाडी बांधली तरी नारंगी!”

ब्रेना समजुतीनं बोलली, पण ते जास्त लागलं. “मार्ला, अंग चोरू नकोस. तुझ्यात अजून बरंच शिल्लक आहे, मला वर दिसतंय ना.”

घरी येऊन मार्लानं वेंडेल अंगणात असताना दवाखान्यात फोन लावला. हृदयाच्या विभागातली नर्स मोकळ्या गळ्याची होती.

“या गोळीवर तुमचा आकडा चढायचाच नाही हो. ते रंग तुमच्यासाठी नाहीतच. क्लास वाईट नाही, पण तुम्ही तो आकड्यावर नका करू. धावताना एक वाक्य सलग बोलता येतंय का, ते बघा. येत असेल तर ठीक. तुटायला लागलं की हळू व्हा. आणि कोचला आधी सांगा. सांगितलंत ना?”

“सांगते,” मार्ला म्हणाली.

“आणि एक लक्षात ठेवा, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. एकदम सोडली की घोडा दुप्पट उधळतो. काही फडफड वाटली तर तिथल्या तिथे थांबायचं आणि मदत बोलवायची.”

फोन ठेवून मार्ला ओट्यापाशी उभी राहिली. वाक्य सलग बोलता येतंय का. म्हणजे बापाचंच गाणं की! दवाखान्यातून फिरून तेच आलं. तिला हसू आलं, आणि लगेच भीतीही वाटली. कोचला सांगायचं म्हणजे काय होणार, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. ब्रेना ओरडायची थांबेल. माइक बाजूला करून, जवळ येऊन, हळू आवाजात म्हणेल, “मार्ला, सावकाश हं.” बर्नडेट चेष्टा करायची सोडेल. तळघरात बायका तिच्या हातून जड पातेलं काढून घेतील. जगात एकच खोली उरली होती जिथे ती आजारी नव्हती, आणि त्या खोलीचं दार तिनं आपल्याच हातानं लावायचं?

तिनं सांगितलं नाही.

मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ब्रेनानं जोड्यांची शर्यत लावली. दोघींनी मिळून नारंगीत जास्त वेळ काढायचा. बर्नडेटनं मार्लाचा हात धरून वर केला. “ही माझी जोडीदार! देवा, सांभाळ रे बाबा!” सगळे हसले. मार्लाही हसली. ते हसणं घरापर्यंत तिच्या चेहऱ्यावर चिकटून राहिलं, वाळलेल्या पिठासारखं.

दुसऱ्या सकाळी वेंडेलनं भरून ठेवलेल्या डबीतली पांढरी गोळी तिनं तळहातावर घेतली. नळ सोडला, पेल्यात पाणी भरलं, पाणी प्यायली. गोळी कोटाच्या खिशातल्या लोकरी हातमोज्यात गेली.

एका दिवसानं काही फरक पडला नाही. मग दुसरी गेली, तिसरी गेली. हातमोज्याच्या अंगठ्यात त्या पांढऱ्या बिया साठत गेल्या. आणि गुरुवारी, धावता धावता, तिची चौकट हिरव्याची नारंगी झाली.

“अगं बाई!” बर्नडेट पट्ट्यावरून किंचाळली. “फ्रीज बिघडला!”

“मार्ला! हीच ती! हीच बाई मला हवी होती!” ब्रेनाचा आवाज माइकमधून साऱ्या खोलीत घुमला. अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मार्ला उजळून निघाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या काळजाला कोणी शाबासकी दिली होती.

त्या रात्री मात्र उशीवर कान टेकला की आत कोणीतरी जिना चढत होतं. दोन पायऱ्या एकदम, मग थांबून, मग तीन. वेंडेल अंधारात म्हणाला, “झोप येत नाही?”

“येते आहे.”

“उद्या तुझा शुक्रवार. पातेली मी उचलायला येऊ का?”

“वेंडेल, झोप ना.”

थोड्या वेळानं त्याचा हात चाचपडत आला आणि तिच्या मनगटावर थांबला. नाडीवर नव्हे, जरा अलीकडे. नाडीवर ठेवायची त्याला भीती वाटते, हे तिला ठाऊक होतं. तिनं हात काढून घेतला नाही. सांगावं, असं ओठांवर आलं. पण शनिवार एका दिवसावर होता. शनिवारी वर्षाचं हो की नाही सांगायचं होतं, शर्यतही संपणार होती. त्यानंतर घेईन, मन म्हणालं. मनाला काय, त्याच्या खांद्यावर पाटी नसते.

शनिवारी रस्त्याकडेच्या बर्फाला काळी किनार आली होती. वेंडेलनं गाडी लावली, टोपी सारखी केली. “सावकाश,” म्हणाला. मार्लानं दार जरा जोरातच लावलं.

आत ब्रेना ताठ उभी. “चला मंडळी! आज हातचं राखायचं नाही! मार्ला, तास संपला की मला तुझं उत्तर हवंय. हो म्हणायचंय, बरं का!”

“तिचं मी सांगते, हो आहे,” बर्नडेट म्हणाली. “आत्ता कुठे माझी जोडीदार माणसात आलीये.”

सुरुवात चालण्यानं झाली. नुसतं चालणं, आणि मार्ला आधीच नारंगी. बर्नडेटनं अंगठा दाखवला. मार्लाला काही ते बरं वाटलं नाही. फळ उन्हाच्या बाजूनं लवकर लाल होतं, पण बाप म्हणायचा, रंगावर जाऊ नकोस. तळहातात धरून जरा वर उचल, पिकलं असेल तर देठ आपण होऊन सुटेल. लालभडक फळ कितीदा आतून हिरवं निघायचं. तिनं पडद्यावरची नजर खाली आणली आणि पावलांकडे लावली.

“धावा!”

पट्टा पळायला लागला. गाण्यांचा दणका छातीत शिरला आणि तिथल्या ठोक्यांत मिसळला. कुठला ठोका आतला, कुठला बाहेरचा, कळेना. मार्लानं ओठांतल्या ओठांत धरलं, टेकडीबाई टेकडी, वाट तुझी… श्वास. वाकडी. पुन्हा केलं. टेकडीबाई… श्वास.

“लाल!” बर्नडेट ओरडली. “मार्ला लाल झाली! अरे बघा, मार्ला लाल!”

साऱ्यांनी माना वळवल्या. वर, सगळ्या नारंगी चौकटींच्या मधोमध, तिचं नाव लालभडक होतं. टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी शीळ घातली. ब्रेना तिच्या पट्ट्यापाशी आली, डोळे चमकत होते. “सोडू नकोस! अजून एक मिनिट! तू हे करू शकतेस!”

आत पाखरानं धडक दिली. एक. मग काहीच नाही. मग चार एकदम.

टेकडी…

पुढचा शब्द आला नाही. मार्लाला कोठाराचं दार दिसलं, खालचा ट्रक दिसला, बघत उभी असलेली माणसं दिसली. ती माणसं वाईट नव्हती. तीही अशीच, कौतुकानं बघत असतील. त्यांना बिचाऱ्यांना पाटी दिसत होती. गाणं थांबलेलं कुठे दिसतंय?

तिनं लाल बटण दाबलं. पट्टा हळू झाला, थांबला. कठडा धरून ती खाली उतरली आणि भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली, दगडावर बसावं तशी.

“अगं, थांबलीस का?” बर्नडेट पट्ट्यावरूनच ओरडली. “जिंकतोय आपण!” मग तिनं मार्लाचा चेहरा पाहिला आणि तीही उतरली.

ब्रेनानं माइक ओरबाडून काढला. कोणीतरी गाणी बंद केली. अचानक शांतता झाली, आणि त्या शांततेत काचेचं दार आपटल्याचा आवाज आला. वेंडेल टोपीशिवाय धावत आला होता. बर्फाचा चिखल बुटांना तसाच.

“रुग्णवाहिका बोलवा,” तो म्हणाला. ब्रेनानं दाराकडे हात केला; तिथे एकजण आधीच फोनवर बोलत होता. वेंडेल मार्लापुढे गुडघ्यांवर बसला. मग मान वळवून त्यानं ब्रेनाला विचारलं, रागावून नाही, नुसतं गोंधळून, “तुला सांगितलं होतं ना तिनं? गोळीचं? मग इतकं कसं धावू दिलंस?”

“कुठली गोळी?” ब्रेना म्हणाली.

वेंडेल मार्लाकडे बघत राहिला. ब्रेना मार्लाकडे. बर्नडेटचा हात स्वतःच्या तोंडावर गेला.

“बर्नी,” मार्ला म्हणाली, “माझ्या कोटातला… डावा मोजा.”

“बोलू नकोस गं, शांत बस.”

“बोलता येतंय… तोवर बोलू दे. मोजा.”

बर्नडेट धावत गेली, मोजा घेऊन आली. मार्लानं तो उलटा धरून झटकला. अंगठ्यातून पांढऱ्या गोळ्या बाकावर पडल्या, एक घरंगळत वेंडेलच्या बुटापाशी गेली. त्यानं ती उचलली. त्याला ओळख पटवायची गरज नव्हती. दर रविवारी तोच त्या डबीत मांडायचा.

“मी हृदयाची गोळी घेते, ब्रेना,” मार्ला म्हणाली. प्रत्येक दोन शब्दांपाशी तिला श्वास घ्यावा लागत होता, आणि ती घेत होती, मुद्दाम थांबून. “घ्यायला हवी. तुला म्हटलं, काही नाही. ह्याला म्हटलं, तुला सांगितलंय. आणि या आठवड्यात… घेतलीच नाही. निळीची नारंगी व्हावी म्हणून. तुझा क्लास वाईट नाही. रंग माझे नव्हते. मी ते उसने घेतले.”

ब्रेना खाली बसली. तिचं वय एकदम दिसलं. मार्लाच्या पुतणीएवढी पोर. “मी ओरडत होते तुझ्यावर,” ती कशीबशी म्हणाली. “सारखी ओरडत होते.”

“हो,” मार्ला म्हणाली. “ओरडत होतीस.” आणि ते तक्रारीसारखं वाटलं नाही.

वेंडेलच्या तळहातावर ती एक गोळी होती. त्याची मूठ मिटत नव्हती. “का गं?” त्यानं विचारलं. “मी रोज त्या दाराबाहेर बसत होतो, मार्ला. का गं?”

बाहेर, बरंच लांब, भोंगा ऐकू यायला लागला होता. आतलं पाखरू अजून धडकत होतं, पण मधे मधे दम खात होतं. मार्लानं वेंडेलचं मनगट धरलं. तिनं आतमध्ये एक ओळ चाचपून पाहिली, अख्खी निघते का ते. निघाली असती, बहुतेक. मग तिनं गाणं बाजूला ठेवलं आणि तेवढ्या श्वासात दुसरंच म्हटलं.

“इथे मला कोणी ‘सावकाश’ म्हणत नव्हतं, वेंडेल. तू ते म्हणालास की दर वेळी मी थोडी मरते.”